पळी वाजली की सांगा, वैनी

माझ्या रोजच्या वहीत तीन गोष्टी न चुकता असतात. तिथी, जपाच्या माळा आणि त्या दिवशी केलेली भाजी. यंदाच्या आश्विनात मात्र त्यात चौथी गोष्ट शिरली, ती म्हणजे आमची जीप किती वेगाला किती थरथरते. एका ओळीत 'माळा अकरा, वांग्याची भाजी' आणि खालच्या ओळीत 'पन्नासला दात वाजतात'. माझ्या नणंदेने वही चाळली आणि मला प्रेमाने दाताच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं.

दात माझे ठीक आहेत. ही हकिकत पुंडलिकराव मिस्त्रींची आहे.

पुंडलिकराव बाभुळगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अडतीस वर्षं गाड्या दुरुस्त करतात. वय बासष्ट. दुकानाला पाटी नाही. होती, पण एकदा गाडी मागे घेताना त्यांनीच ती तिच्यावर चढवली, तेव्हापासून ती चिखलात पाय ठेवायला दारात आडवी आहे. त्यांना चष्मा आहे, पण तो दुकानातल्या मारुतीच्या तसबिरीला अडकवलेला असतो. "डोये देवाच्या ताब्यात देले वैनी, आपन कानानं पाहतो," असं ते म्हणतात, आणि खरोखर कानानेच पाहतात. गाडी आली की मालकाला काही विचारत नाहीत. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग निकाल. "हा आवाज सासूचा हाय. बोलन लय, करन काई नाई. जाऊ द्या." नाहीतर, "हा जावई हाय. चूप बसते, पन रुसला का वाटंतच बसते. खोला."

त्यांच्या लग्नाची वरात आर्णीकडे निघाली होती, तेव्हा गाडी वाटेत बंद पडली. नवरदेव मुंडावळ्यांसकट गाडीखाली शिरले आणि मुहूर्त टळून गेल्यावर बाहेर आले. त्यांच्या पत्नी तानाबाई अजून सांगतात, "माह्या गयात हार घातला, तवा हाराले ग्रीस लागेल होतं. आंधारातही मले नवरा वासानं वळखू येते."

मला पुंडलिकरावांचं एका कारणासाठी फार कौतुक होतं. मारुतीपुढे शेंदराची एक डबी असते. गाडी खोलण्याआधी ते तिच्यात बोट बुडवतात, गाडीखाली जातात आणि मगच पाना उचलतात. असा भाविक मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही. मी आमच्या भजनी मंडळात त्यांचं उदाहरण द्यायची. हे कौतुक पुढे मला किती महागात पडलं, तेच सांगते आहे.

आमचे हे, म्हणजे नंदकिशोर, सिंचन कार्यालयातून निवृत्त झाले तेव्हा लिलावातली एक जुनी जीप घेऊन घरी आले. निवृत्तीनंतर माणसं तीर्थाला जातात, यांनी जीपला मोठाले टायर घातले. जीप अशी उंच झाली की मला चढायला पाट लागायचा. ललितापंचमीला आम्ही केळापूरच्या देवीला निघालो आणि यवतमाळच्या चढावरच जीपने मान टाकली. यांनी पहिला गिअर टाकला. जीप ओरडत होती, चालत नव्हती. एक म्हैस मागून आली, तिने आमच्याकडे बघितलं आणि ती पुढे निघून गेली.

"म्हशीनं ओव्हरटेक केलं," असं यांनी सात वेळा म्हटलं. घरी आल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जीप पुंडलिकरावांकडे.

"भाऊ, टायर मोठे झाले, अन् आतले दाते जुनेच हायेत," पुंडलिकराव म्हणाले. "लहान पोट्ट्याच्या हाती मोठ्ठं जातं देल्यावानी झालं. मागचा क्राउन-पिनियन, म्हंजे चाकं फिरवनारे थे दाते, बदला लागन. आता शाफ्ट साडेचार चक्कर मारते तवा चाक एक चक्कर मारते. आपन शाफ्टले पाचाच्या वर चक्कर माराले लावू. जोर येईन. मंग म्हैस काय, हत्ती मांगं राहीन."

शाफ्ट म्हणजे पुढच्या गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब लोखंडी दांडा. तो एक अखंड नसतो. एकात एक सरकणारे दाते असलेले त्याचे दोन तुकडे असतात. एवढं यंत्रशास्त्र मला आश्विनाआधी येत नव्हतं, आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

काम आमच्याच अंगणात झालं, कारण दुकानात एक ट्रॅक्टर पोट उघडून बसला होता. अष्टमीला मागचे नवे दाते बसले. शाफ्ट तेवढा दोन तुकडे करून पोत्यावर ठेवलेला राहिला, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी पुंडलिकराव पान्याला हात लावत नाहीत. सगळे पाने, हातोड्या, जॅक धुऊन दुकानात मारुतीपुढे मांडतात, झेंडू वाहतात आणि दसऱ्याला दुपारीच उचलतात. मग जीपच्या शाफ्टची पूजा कोण करणार? अंगणात पडलेलं लोखंड पूजेवाचून ठेवायचं का? तानाबाई हळदीकुंकवाला आल्याच होत्या. आम्ही दोघींनी शाफ्टचे तुकडे स्वच्छ केले, हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, साखर ठेवली. ग्रीसमुळे मुंग्या साखरेला आल्या नाहीत, एवढाच त्यात चमत्कार.

दसऱ्याला पुंडलिकरावांनी शाफ्ट बसवला. शमीची पानं स्टिअरिंगला बांधून आम्ही निघालो. पंचवीसला जीप लोण्यासारखी चालली. पस्तीसला हे गाणं गुणगुणू लागले. चाळीसला गाणं आपोआप कापऱ्या आवाजात येऊ लागलं. पन्नासला माझ्या बांगड्या, आरसा, मागची सीट आणि यांचे गाल, सगळं एकाच तालात थरथरत होतं. मी "रामराम" म्हटलं, ते "रारारामम" असं निघालं.

त्या संध्याकाळी सोनं द्यायला सगळे खेमसिंग टायरवाल्याच्या दुकानापुढे जमले होते. खेमसिंग तांड्यावरचा, पुंडलिकरावांचा जुना दोस्त आणि जुना छळवादी. आपट्याची पानं देत म्हणाला, "मिस्त्री, थे जीप चालून राह्यली होती का नाचून राह्यली होती? मले वाटलं देवीची मिरवणूक आली, मी हात जोडले."

हसणारे वीसेक तरी असतील. पुंडलिकरावांचे कान लाल झाले. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून थरथरती गाडी बाहेर गेली नव्हती.

"कोजागिरीचा चंद्र निंगायच्या आत थरथर नाई काढली," ते म्हणाले, "त दुकान बंद! किल्ली तानाबाईच्या हाती!"

रागात माणूस बोलतो. पण तानाबाई सोन्याचं ताट घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांना दोन वर्षांपासून मिरची कांडपाची मशीन टाकायची आहे आणि रस्त्याकडची ती जागा त्यांच्या डोळ्यांत भरलेली आहे.

"खेमसिंगभाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी साक्षीदार."

दुसऱ्या दिवशी एकादशी. मी सकाळी देवळातून येताना पाहिलं, तर तानाबाई सुतळी घेऊन दुकान मोजत होत्या.

"इथं मोटर. इथं मिरचीचे पोते. अन् इथं तुमाले बाकडं टाकून देतो. चाळनी धरून तिखट चायत बसजा."

"मी तिखट चायू?" पुंडलिकराव ट्रॅक्टरखालून ओरडले.

"चष्मा लावा, जमन."

दुपारी पुंडलिकराव आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. "वैनी, एक पळी-पंचपात्र पाह्यजे."

मला वाटलं, आता देवाचाच आधार घेणार. पण त्यांना ते जीपमध्ये हवं होतं. थरथर मोजायला! पंचपात्रात अर्धं पाणी, त्यात पळी उभी, आणि ते मांडीवर धरून मी मागच्या सीटवर. "माह्या कानात आता इंजिन, रस्ता, तानाबाई, सगळंच वाजून राह्यलं. पळी खोटं बोलत नाई. पळी वाजली की सांगा, वैनी. कवा वाजली, कशी वाजली, थे लिहून ठेवा."

रोजच्या पूजेचं मी दिलं नाही. माळ्यावरचं जुनं तांब्याचं काढलं. निर्जळी एकादशी असताना मांडीवर पाणी घेऊन धामणगाव रस्त्यावर येरझारा घालणारी बाई त्या दिवशी जिल्ह्यात मी एकटीच असेन.

आधी त्यांनी जीप जागेवर उभी ठेवून इंजिन जोरात फिरवलं. पळी गप्प. मग रस्त्यावर. चाळीसला पळी 'ट्रिंग' म्हणाली. पन्नासला शाळा सुटल्यासारखी वाजली. साठला पुन्हा जरा मवाळ. मग चौथ्या गिअरऐवजी तिसऱ्यात पन्नास. इंजिन बोंबलत होतं, पण पळीचा सूर तोच. मग पन्नासला असताना यांनी गिअर काढून जीप नुसतीच पळू दिली. तरी तोच.

"म्हंजे इंजिन नाई," पुंडलिकराव म्हणाले. "इंजिनाचं असतं त गिअरसंगं सूर बदलला असता. हे गाडीच्या वेगासंगं हाय. म्हंजे गिअरबॉक्सच्या मांगचं दुखनं. चाक, नाईतर शाफ्ट."

"चाक असेल," हे घाईने म्हणाले. दोष आपण हौसेने घातलेल्या टायरांचा असेल असं मान्य करायला यांना जड जात होतं, पण पुंडलिकरावांचं दुकान वाचत असेल तर टायर बळी द्यायला तयार झाले. मला यांचा अभिमान वाटला. वहीत लिहिला आहे.

द्वादशीला पारणं झाल्यावर खेमसिंगने चारही मोठे टायर काढून जुने लावले. मी पाट न घेता चढले. पन्नासला पळी तश्शीच. खेमसिंगने पंचपात्राकडे वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"टायरचं दुखनं हत्तीवानी चालते, हळूहळू, डुलत डुलत. हे त मधमाशी हाय. जे लय जोरात फिरते, त्याचंच हे काम. मिस्त्री, शाफ्टच हाय."

"मले मालूम हाय," पुंडलिकराव म्हणाले.

"त मंग काढ ना. चंद्र बारीक कोर नाई आता, चांगला पोटभर जेवून राह्यला."

त्रयोदशीला शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे लोखंडी तुकडे, नवे घातले. "शाफ्ट आता जास्त चक्कर मारते," त्यांनी मला समजावलं. "पयले बारीकसारीक खोट असन तरी दिसत नव्हती. चालताना लंगडनं दिसत नाई, पयालं का दिसते." मला ते पटलं. पळीला पटलं नाही.

मग त्यांनी गवंड्याची पाणसळ आणली. पुढच्या गिअरबॉक्सचं तोंड आणि मागचं तोंड, दोघांची मान सारखीच कललेली पाहिजे म्हणे, नाहीतर शाफ्ट रुसतो. पाणसळीतला बुडबुडा पाहायला चष्मा लागला असता, पण चष्मा मारुतीकडे. म्हणून बुडबुडा मी पाहिला. जीपखाली, जुनं लुगडं नेसून, उताणी. "मधोमध आहे," मी सांगितलं. तरी त्यांनी कमानपाट्याखाली एक लोखंडी पाचर घालून पाहिली. त्यानंतरच्या फेरीत पंचपात्रातलं पाणीच उडून यांच्या टकलावर पडलं. पाचर काढली.

दरवेळी जीपखालून बाहेर येताना पुंडलिकराव एक वाक्य न चुकता बोलायचे. "खुना त जुळून हायेत." हे मान डोलवायचे, मीही डोलवायची. खुणा कसल्या, हे मी विचारलं नाही. बायकांनी फार विचारू नये म्हणून नव्हे, तर मी तेव्हा बहुतेक वेळा पाणी पुसत होते.

चतुर्दशीला शेवटचा इलाज. शाफ्टचं वजन एका अंगाला जास्त असेल तर उलट्या अंगाला थोडं वजन बांधायचं. त्यासाठी पाइपला लावतात तशी पत्र्याची क्लिप शाफ्टभोवती आवळायची, तिचा स्क्रू कधी इकडे, कधी तिकडे करून पाहायचं. सकाळी सहा फेऱ्या झाल्या. एकदा स्क्रू खाली असताना पळी किंचित मवाळली, तेवढंच. घरी येऊन मी तुळशीला पाणी घालायला मोटर सुरू केली, आणि पाइप नळावरून निसटून नागासारखा उभा राहिला. मी, तुळस, वाळत घातलेले पोहे आणि शेजारच्या नंदाबाई, सगळ्यांना अभ्यंगस्नान. यांनी क्लिप कुठून आणली होती, ते तेव्हा कळलं.

ओल्या लुगड्याने मी जाब विचारायला बाहेर आले, तर पुंडलिकराव जीपच्या पायरीवर बसले होते. हातात पाना, पण तो कुठे लावायचा हे माहीत नसल्यासारखा.

"वैनी," ते म्हणाले, "दुकान गेल्याचं काई नाई. पन सकाळी उठून मी कोठी जाऊ? अडतीस वर्स झाले, माह्ये पाय चप्पल घातली का तिकडंच जातात."

क्लिपचं भांडण मी गिळलं. रात्री एक माळ त्यांच्या नावाने जादा केली.

पौर्णिमा उजाडली. दूध आटवायला ठेवून मी वही काढली. म्हटलं, पाच दिवसांचं सगळं लिहिलेलं आहे, एकदा वाचावं. पळी, वेग, पाणी, सगळं वाचत मागे मागे गेले, आणि मागे जाता जाता खंडेनवमीच्या पानावर पोचले. तिथे माझ्याच हातचं लिहिलं होतं.

'शाफ्टची पूजा केली. कुणीतरी आधीच दोन्ही तुकड्यांवर शेंदराची बोटं ओढून ठेवली होती, तीही तिरपी, ग्रीसात माखलेली. देवाचं काम असं उरकू नये. नारळाच्या शेंडीने घासून काढली आणि दर्शनी बाजूला नीट शेंदूर लावून वर कुंकू टेकवलं. छान दिसला.'

दूध उतू गेलं. मी उठले नाही.

शेंदराची डबी. गाडी खोलण्याआधी बुडवलेलं बोट. खुना त जुळून हायेत.

मी तशीच, एका हातात झारा, दुसऱ्या हातात वही घेऊन, दुकानाकडे निघाले. पुंडलिकराव ट्रॅक्टरखाली होते. मी वाकून विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या खुणा कशाच्या असतात हो?"

"शेंदराच्या. दांडा खोलाच्या पयले दोन्ही तुकड्यायवर समोरासमोर एक-एक बोट. बसवताना बोटासमोर बोट. म्हंजे जसा होता तसाच बसते. ऑइलपेंट वाळाले येळ लागते, अन् खडू पुसल्या जाते. शेंदूर नाई पुसल्या जात."

"जातो," मी म्हणाले. "नारळाच्या शेंडीने जातो."

चाकांवरची फळी घरंगळत पुंडलिकराव बाहेर आले आणि उताणेच माझ्याकडे बघत राहिले. मी वहीतलं पान उभ्यानेच वाचून दाखवलं. रागावतील असं वाटलं होतं. माझ्या हातातला झारा पाहून की काय, ते उठून बसले, तसबिरीजवळ गेले, मारुतीच्या पाया पडले आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यादेखत चष्मा लावला.

"चला," म्हणाले.

अंगणात जीपखाली जाऊन त्यांनी शाफ्ट पाहिला. टॉर्च लावून पाहिला. मग तिथूनच ओरडले, "भाऊ, वैनी, या! पाहा!"

शाफ्टच्या दोन टोकांना लोखंडाचे दोन काटे असतात, जेवणाच्या काट्यासारखे, पण दोनच दातांचे. ते एकमेकांच्या सरळ रेषेत पाहिजेत. आमचा पुढचा काटा एका दिशेला आणि मागचा दोन-तीन दाते सरकून तिरपा. सहज पाहणाऱ्याला कळणार नाही इतका, पण चष्म्याला कळला.

"दोन बाया एका जात्यावर बसल्या," पुंडलिकराव आनंदाने जीपखालून सांगत होते, "एकीनं ओढलं का दुसरीनं ढिलं सोडाले पाह्यजे. मंग जातं सरळ फिरते. या काट्यायचा ताल चुकला होता. दोघीही संगंच ओढून राह्यल्या होत्या! अन् मी आठ खेपा खाली गेलतो, आठही खेपा शेंदूर पाह्यला, काटे नाई पाह्यले!"

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "पूजेमुळे झालं."

"पूजेनं नाई वैनी. बोटं तुमचे झ्याक होते, एकदम मधोमध. म्हनून त शक नाई आला. माह्ये बोटं कवाच इतके सरळ नसतात."

तासाभरात शाफ्ट नीट बसला. पण शब्द शब्द असतो. तानाबाईंनी परीक्षा मागितली. पळी-बिळी त्यांना मान्य नव्हती. कोजागिरीच्या दुधाची चरवी काठोकाठ भरून त्या नवी साडी नेसून मागच्या सीटवर बसल्या. "सांडलं त दुकान माह्यं." खेमसिंग साक्षीदार म्हणून मागच्या फळीवर. मी पंचपात्र घेऊन, वही घेऊन. ऊन उतरायला लागलं होतं, चंद्राला अजून अवकाश होता.

तीस. चाळीस. पळी गप्प. यांनी गुणगुणायला सुरुवात केली. पंचेचाळीस. पुंडलिकराव पुढच्या सीटवर डोळे मिटून, कान मागे लावून. पन्नास. दुधावरची साय सुद्धा हलली नाही. पंचावन्न.

आणि बकरी आली.

यांनी ब्रेक दाबला. बकरी वाचली. अर्धं दूध तानाबाईंच्या नव्या साडीवर, बदामासकट.

"सांडलं!" तानाबाई उभ्याच राहिल्या. "सांडलं! खेमसिंगभाऊ, सांगा! दुकान माह्यं!"

"वा रे वा!" पुंडलिकराव. "थे बकरीनं सांडवलं!"

"बकरी कोनी पाह्यली? शर्त दुधाची होती!"

खेमसिंगने दोघांकडे पाहिलं, मग बकरीकडे पाहिलं. "कायदा मोठा कठीन हाय," तो म्हणाला. "थरथरीनं सांडलं असतं त चारही बाजूंनी सांडलं असतं. हे एकाच बाजूनं सांडलं. पन सांडलं त सांडलंच, हेही खरं."

भांडण रंगात आलं, तेव्हा खेमसिंगने माझ्याकडे हात केला. "वैनी, तुमच्या वहीत पाहा, शर्त थरथरीची लिहेल हाय का दुधाची."

शर्त दसऱ्याच्या पानावर होती, पण वही सकाळच्या खंडेनवमीच्याच पानावर उघडली, म्हणून मी तिथूनच मोठ्याने वाचायला लागले. सकाळी घाईत मी पानाच्या तळाची ओळ वाचलीच नव्हती. आता वाचली. 'तानाबाई मदतीला होत्या. म्हणाल्या, घासा वैनी, चांगलं घासा, काही ठेवू नका.'

खेमसिंग फळीवरून पुढे वाकला.

पुंडलिकरावांनी चष्म्यातून बायकोकडे पाहिलं. "तुले मालूम होतं."

"चाळीस वर्स झाले तुमच्या संसाराले," तानाबाई पदर पिळत म्हणाल्या. "माह्या प्रत्येक लुगड्यावर तुमचे शेंदराचे बोटं हायेत. मले नाई मालूम त कोनाले मालूम?"

"मंग काहून सांगतलं नाई?"

"मले वाटलं, बुढ्याले अर्ध्या तासात समजन. चष्मा लावन, अन् समजन. तुमी नाई लावला चष्मा. तुमीच भर चौकात शर्त लावली. मंग मी कायले सांगू?"

पुंडलिकराव हसायला लागले ते थांबेचनात. खांदे असे हलत होते की माझ्या मांडीवरची पळी वाजली. ती नोंद मी केली नाही. खेमसिंगने फळीवर थाप मारून निकाल दिला. दुकान मिस्त्रीचं, पण दारातला टिनाचा मांडव तानाबाईचा.

दिवाळीनंतर त्या मांडवात मिरची कांडपाची मशीन बसली. मिस्त्री आत ट्रॅक्टरला कान लावतात आणि बाहेरच्या तिखटाने शिंकतात. प्रत्येक शिंकेला तानाबाई "हा आवाज सासूचा हाय," म्हणतात. शाफ्टवर आता ते छिन्नीने दोन घाव घालतात, जे कुठल्याही नारळाच्या शेंडीने जात नाहीत, आणि वर शेंदूर लावतात, तो मात्र माझ्यासाठी. यांनी मोठे टायर परत घातले. ती म्हैस अजून सापडलेली नाही, हे तिला शोधत असतात.

त्या दिवसाची नोंद वहीत आहे. आश्विन पौर्णिमा. माळा अकरा. भाजी केली नाही. दूध अर्धं. पळी वाजली नाही.